वजिराच्या थडग्यात तहसीलदारसाहेब

इजिप्तच्या सहलीत लक्झरच्या पश्चिम तीरावर आमच्या मंडळींना दोनच गोष्टी बघायच्या असतात: राजांची दरी आणि हत्शेपसुतचं मंदिर. शेख अब्द अल-कुर्नाच्या टेकडीतली अधिकाऱ्यांची थडगी कार्यक्रमात नसतात. त्या दिवशी मात्र ग्रुपमधले एक निवृत्त तहसीलदार अडूनच बसले. "राजे झाले बघून. कारभार कोण हाकायचं ते दाखवा." मग वेगळी तिकिटं काढली आणि १०० नंबरच्या थडग्यात शिरलो.

हे रेखमिरेचं. इ.स.पू. पंधराव्या शतकातला, तिसऱ्या थुटमोसचा वजीर. पहिल्या आडव्या दालनात नजराण्यांची रांग आहे: नुबियाचा जिराफ, सीरियाचं अस्वल आणि छोटासा हत्ती, भांडी घेऊन आलेले क्रीटचे लोक. पुढच्या अरुंद बोळाचं छत चढत चढत आठेक मीटरवर जातं आणि भिंतींवर विटा पाडणारे, सुतार, धातू ओतणारे. मला स्वतःला राजांच्या थडग्यांपेक्षा ही जास्त आवडतात. तिथे नुसते देव, इथे माणसं कामाला लागलेली.

मंडळी बोळात गेली, साहेब पहिल्या दालनातल्या मजकुरापाशीच थांबले. गाईड सांगत होता, मी मराठी करत होतो. वजिराने दरबारात कसं बसायचं, खजिन्याच्या अधिकाऱ्याशी रोज काय बोलायचं, सगळं लिहिलेलं. शेताची तक्रार आली तर मुदतही ठरलेली: जवळचं शेत असेल तर तीन दिवस, लांबचं असेल तर दोन महिने.

"तीन दिवस!" साहेब हसले. "आमच्याकडे नोटीस तरी बजावून होते का तेवढ्यात?"

मग नेमणुकीच्या वेळचा राजाचा उपदेश. वजिरी गोड नसते, पित्तासारखी कडू असते. ओळखीच्याला आणि अनोळखी माणसाला सारखंच वागव. आणि खेतीसारखं करू नकोस. हा खेती आधीचा एक वजीर. पक्षपाताचा आळ येईल या भीतीने तो स्वतःच्या नातलगांच्याच विरुद्ध निकाल द्यायचा. राजा म्हणतो, हे न्यायाच्याही पलीकडे गेलं.

"परत सांगा," साहेब म्हणाले. मी परत सांगितलं.

"मेव्हण्याचा शेतरस्त्याचा दावा माझ्यापुढे आला होता. रस्ता त्याचाच होता. लोक बोलतील म्हणून फेटाळला."

"दादाने पुन्हा अर्ज केला, तोही फेटाळलात," काकू मागून म्हणाल्या.

गाईडने काय झालं विचारलं. मी सांगितलं, तर तो भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "खेतीच्या एका नातलगानेही दाद मागितली होती. खेती हटला नाही."