घर इंग्लंडमध्ये, मालक पुण्यात: एजंट नेमावा का?

लेस्टरमधलं आमच्या ओळखीचं एक जोडपं आई-वडिलांसाठी कायमचं पुण्याला परत चाललंय. इथलं घर त्यांना विकायचं नाही, भाड्याने द्यायचंय. ते सांभाळायला एजंट नेमायचा की पुण्यात बसून फोनवरून आपलं आपणच बघायचं, ही चर्चा सध्या त्यांच्याकडे रोज चालते. भाड्यातला वाटा दर महिन्याला दुसऱ्याच्या हाती द्यायला मन तयार होत नाही, हे मी समजू शकते. तरी माझं मत पक्कं आहे. मालक देशाबाहेर राहणार असेल, तर इंग्लंडमधल्या घरासाठी एजंट नेमावाच. पण काम त्याच्यावर सोपवलं म्हणजे जबाबदारीही गेली, असं मात्र समजू नये.

आपल्याकडे एजंट भाडेकरू आणून देतो, दलाली घेतो, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून झाला की त्याचं काम संपतं. पुढे नळ गळाला, लाइट गेली, तर मालकालाच फोन. इथल्या लेटिंग एजंटकडे साधारण तीन प्रकार असतात: नुसता भाडेकरू शोधून देणं, त्याबरोबर दरमहा भाडं गोळा करणं, किंवा संपूर्ण व्यवस्थापन. या तिसऱ्या प्रकारात दुरुस्त्या, तपासण्या, नोटिसा, भाडेकरूचे फोन सगळं आलं. त्यासाठी भाड्याच्या १० ते १५ टक्के घेतात, आणि त्यावर २० टक्के व्हॅट. समजा भाडं महिना १,२०० पौंड आणि दर १२ टक्के. म्हणजे १४४ पौंड, व्हॅट धरून १७२.८०. वर्षाचे दोन हजारांच्या वर जातात. दर विचारताना व्हॅट धरून विचारा, कारण बोलण्यात तो बरेचदा येत नाही. भाडेकरूकडून असली फी उकळण्यावर २०१९च्या टेनंट फीज ॲक्टने बंदी आणली, त्यामुळे हा खर्च पूर्णपणे मालकाचा.

या पैशात नेमकं काय मिळतं? कायद्याने मालकावर टाकलेली ही कामं एजंट सांभाळतो. गॅसची तपासणी दरवर्षी, तीही ‘गॅस सेफ’ या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्याच माणसाकडून. विजेच्या वायरिंगची पाच वर्षांतून एकदा. प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म. घर किती ऊर्जा खातं ते सांगणाऱ्या प्रमाणपत्रावर किमान ‘ई’ श्रेणी. भाडेकरूला या देशात घर भाड्याने घेण्याचा हक्क आहे का, याची कागदपत्रं बघणं. वार्षिक भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि घेतलेलं डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत संरक्षित करावं लागतं. ते राहिलं तर न्यायालय डिपॉझिटच्या एक ते तीनपट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. शिवाय रेंटर्स राइट्स ॲक्टने १ मे २०२६पासून विनाकारण घर खाली करायला लावणारी नोटीस बंद केली आणि ठरावीक मुदतीचे करारही काढून टाकले. एवढे नियम स्वतःच्या बळावर पाळणारे घरमालक इथे आहेत. ते घराजवळ राहतात, चांगला प्लंबर त्यांच्या माहितीत असतो, नियम बदलले की ते वाचतात. त्यांनी एजंटला टक्के देऊ नयेत, असंच मी म्हणेन. फार तर भाडेकरू शोधण्यापुरती मदत घ्यावी.

पण मालक पुण्यात असेल तर गणित बदलतं. भाडेकरूला नोटिसा पाठवण्यासाठी मालकाने इंग्लंड किंवा वेल्समधला पत्ता द्यावाच लागतो. १९८७च्या कायद्यात हे आहे, आणि तो पत्ता देईपर्यंत भाडं कायद्याने देय होतच नाही. पुण्यातला पत्ता चालत नाही. एजंट असला की त्याचा पत्ता देता येतो. दुसरं कराचं. मालक परदेशात राहत असेल तर त्याच्या भाड्यातून मूळ दराने, म्हणजे २० टक्के, कर कापून सरकारजमा करण्याचं काम एजंटचं असतं. एजंटच नसेल आणि भाडं आठवड्याला १०० पौंडांहून जास्त असेल, तर ते काम भाडेकरूवर पडतं. करखात्याकडे आधी अर्ज करून मंजुरी घेतली तर पूर्ण भाडं हातात येतं, मात्र विवरणपत्र भरणं सुटत नाही. मंजुरी नसताना स्वतःच्या भाड्यातून मालकाचा कर कापत बसायला कोणता भाडेकरू आनंदाने तयार होईल? (अनिवासी भारतीयाचं पुण्यातलं घर भाड्याने घेणाऱ्यालाही कर कापावा लागतो, आणि अनेकांना ते माहीतच नसतं.)

माझ्या मनात सगळ्यात वर आहे तो दुरुस्तीचा मुद्दा. जानेवारीत बॉयलर बंद पडला की घरात गरम पाणी नाही, हीटिंग नाही, आणि बाहेर तापमान शून्याच्या आसपास. घरात तान्हं बाळ असेल तर एक रात्रही लांबच लांब वाटते. मी इथे भाड्याच्या घरात राहिले आहे. मालक परदेशात आणि एजंट नाही, अशा घरात निरोप जाईपर्यंत एक दिवस आणि परवानगी येईपर्यंत दुसरा दिवस कसा जातो ते मला ठाऊक आहे.

ओल आणि बुरशी तर त्याहून गंभीर. रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला, घरातल्या बुरशीमुळे. वडिलांनी वारंवार तक्रारी केल्या होत्या. ते घर एका हाउसिंग असोसिएशनचं होतं, म्हणजे मालक ही कमी भाड्यात घरं देणारी संस्थाच होती, तरी तक्रार पुढे सरकली नाही. त्याच्या नावाने झालेला कायदा ऑक्टोबर २०२५ पासून अशा सामाजिक घरांना लागू आहे: तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल, गंभीर ओल-बुरशीची १० कामाच्या दिवसांत पाहणी. खाजगी घरांनाही तो लावायची तरतूद रेंटर्स राइट्स ॲक्टमध्ये आहे. तो लागू होईपर्यंत थांबू नका. तुमच्या घरात कुणाचं तरी मूल झोपतं, एवढं कारण पुरेसं आहे.

म्हणून एजंट निवडताना मी आधी हे विचारेन: तक्रार आल्यापासून माणूस दारात उभा राहीपर्यंत किती वेळ लागतो? शनिवारी रात्री फोन कोण उचलतं? कारण एजंटने डिपॉझिट संरक्षित करायचं राहू दिलं किंवा गॅसची तपासणी चुकवली, तरी कायदा मालकाच्या दारात येतो. भाडेकरूच्या कागदपत्रांची तपासणी तेवढी लेखी करार करून एजंटच्या अंगावर टाकता येते. बाकीच्या बाबतीत प्रमाणपत्रांच्या प्रती स्वतःकडे मागवाव्यात, तारखा आपल्या कॅलेंडरमध्ये घालाव्यात.

इंग्लंडमध्ये लेटिंग एजंट व्हायला परवाना लागत नाही, हे ऐकून आपल्या लोकांना आश्चर्य वाटतं. (वेल्समध्ये तर स्वतःचं घर स्वतः सांभाळणाऱ्या मालकालाही प्रशिक्षण आणि परवाना लागतो.) मात्र इंग्लंडमधल्या एजंटला तक्रारनिवारण योजनेचं सदस्यत्व सक्तीचं आहे, आणि तो तुमचे पैसे हाताळत असेल तर ते सुरक्षित ठेवणाऱ्या योजनेचंही. दोन्हींची प्रमाणपत्रं मागा. दाखवायला जो टाळाटाळ करेल, त्याला घराची किल्ली देऊ नका.

उलट दिशेचंही सांगायला हवं. आमच्यासारख्या कितीजणांचे पुण्या-मुंबईत फ्लॅट आहेत, आणि त्यांचा कारभार गावातले काका, मावशी, सत्तरी ओलांडलेले वडील बघतात. पोलीस पडताळणी, सोसायटीचा मेंटेनन्स, गळणारं बाथरूम, सगळं. ती माणसं प्रेमाने करतात आणि कधी नाही म्हणत नाहीत. त्यांच्यावर हे काम टाकू नये असं मला मनापासून वाटतं. परदेशात कमावणाऱ्याने पैसे देऊन माणूस नेमावा.

लेस्टरच्या जोडप्याने आता संपूर्ण व्यवस्थापनाचा पर्याय घेतलाय. करारात त्यांनी तीन गोष्टी घालून घेतल्या. १५० पौंडांपर्यंतची दुरुस्ती न विचारता करायची, त्यापुढे विचारायचं, पण बॉयलर किंवा पाण्याची गळती असेल तर आधी काम आणि मग फोन. कारागिराच्या बिलावर एजंटने स्वतःचं कमिशन चढवायचं नाही. आणि दोन महिन्यांची नोटीस देऊन एजंट बदलता यावा, तोच भाडेकरू पुढे राहिला तरी जुन्या एजंटला काही देणं लागू नये. ही शेवटची अट एजंटने सहज मान्य केली नाही. तिच्यासाठी दोन-तीनदा बोलावं लागलं.