डोंबिवली टू रॉक, व्हाया दादर

डिसेंबर २०२४ मध्ये आमचा रेल्वेचा पास पार वसूल झाला. ३ तारखेला अमेरिकेचा बँड मरून फाइव्ह, १३ ला कॅनडाचा रॉक गायक ब्रायन अ‍ॅडम्स आणि मधल्या शनिवारी-रविवारी जमेल तसे लोअर परळचे छोटे गिग, म्हणजे बँडचे कार्यक्रम. घरी म्हणाले, एवढा प्रवास करून विठ्ठल तरी भेटला असता!

मरून फाइव्ह महालक्ष्मी रेसकोर्सवर होते. हे रॉक आहे का यावर माझा मित्र पव्या, त्याच्याशी डोंबिवलीपासून दादरपर्यंत भांडण, मी म्हणालो पॉप आहे रे, तो म्हणाला मग येतोयस कशाला. बरोबर होतं त्याचं. शो मस्त झाला, फक्त माझ्या पुढच्या मुलीने सगळा शो मोबाईलमध्ये काढला त्यामुळे मीही बराचसा तिच्याच स्क्रीनवर बघितला.

ब्रायन अ‍ॅडम्सला वेगळंच पब्लिक. शुक्रवार होता, कुर्ल्याहून शेअर रिक्षाने बीकेसीच्या एमएमआरडीए ग्राउंडला पोचलो तर निम्मे काका लोक ऑफिसचा शर्ट इन केलेले, पाठीला लॅपटॉपची बॅग. कॅसेटच्या जमान्यातली पोरं ही, सगळी गाणी तोंडपाठ, आणि ते एकोणसत्तरवालं गाणं, ‘समर ऑफ सिक्स्टी नाइन’, लागल्यावर तर शेजारचे काका हवेत अशी गिटार वाजवायला लागले की त्यांची मुलगी लाजून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली. स्टेजवरचा माणूस ६५ वर्षांचा आहे हे सांगून पटलं नसतं. उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे लोकलही आरामात मिळाली.

या दहाच्या नियमावरून आठवलं. एका रविवारी सीएसएमटीला उतरून मुद्दाम धोबीतलावला रंगभवन हे खुलं नाट्यगृह बघायला गेलो. आपल्याला रंगभवनची गल्ली म्हटलं की २६/११ आणि करकरे, कामटे, साळसकरच आठवतात, पण त्याआधी कितीतरी वर्षं ही मुंबईतल्या रॉकची जागा होती. १९८६ ला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला तो इथेच, रॉक मशीन हा बँड म्हणजे नंतरचं इंडस क्रीड, ही सगळी मंडळी याच जमान्यातली. आजूबाजूला कामा हॉस्पिटल, जीटी हॉस्पिटल, झेवियर्स कॉलेज, म्हणजे सायलेन्स झोनच, २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि पुढे इथला आवाज कायमचा गेला. हॉस्पिटलच्या दारात ड्रम नकोत हे मलाही मान्य आहे, पण त्या बदल्यात दुसरी जागा कुठे दिली? तेव्हापासून रॉक भाडेकरूसारखं फिरतंय, कधी घोड्यांच्या मैदानात, कधी बीकेसीच्या धुळीत, कधी गिरणीत.

गिरणीतलं मला सगळ्यात आवडतं. लोअर परळचं मथुरादास मिल कंपाउंड, जिथे आधी ब्लू फ्रॉग हा गाण्यांचा क्लब होता आणि आता अँटीसोशल हा तसाच क्लब आहे. माझे मामा गिरणगावातले, ८२ च्या संपात नोकरी गेली त्यांची, त्यांना सांगितलं मिलमध्ये गाणी ऐकायला जातो तर म्हणाले साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजापुढे तुमचं काय! मामा, येऊन बघा एकदा. लोकल मेटल बँड होता, मी स्टेजपासून हातभर अंतरावर, ड्रमरचे दोन्ही पाय पेडलवर असे चाललेले की छातीत धडधड कुणाची, त्याची की माझी, कळेना. मधेच गिटारची तार तुटली. गिटारवाल्याने दातात टॉर्च धरून मांडी घालून नवी तार चढवली, तोवर बास गिटारवाला आणि ड्रमर दोघंच वाजवत बसले, आणि खरं सांगू, ती पाच मिनिटं त्या महिन्यातल्या दोन्ही मोठ्या शोंना भारी होती.

तिथून निघायला बारा वाजतात, मग लोअर परळहून दादर, दादरचा पूल धावत ओलांडायचा आणि कर्जत पकडायची, कानात शिट्टी चालूच.

मग जानेवारी २०२५ मध्ये नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर इंग्लंडचा बँड कोल्डप्ले होता, १८, १९ आणि २१ ला. पव्याला तिकीट लागलं, मला नाही. तो रोज फोटो पाठवून जळवायचा. म्हटलं, जळव बाबा, तेवढ्या पैशात मी मार्चपर्यंत लोअर परळच्या चकरा मारीन.