तुम्ही विचारलंत म्हणून: ऐकू न येणारी गिटार

आमच्या बँडच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ घरी पाठवला की मावशीचा प्रश्न ठरलेला: "दिसतोस छान रे, पण तुझी गिटार कुठे ऐकू येतेय?" आता मित्रही हेच विचारायला लागलेत, म्हणून एकदा नीट सांगतो.

मी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत एका हौशी बिग बँडमध्ये, म्हणजे जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात, गिटार वाजवतो. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, मग पियानो, बास, ड्रम्स आणि मी, असे आम्ही 17 जण. तेरा जण फुंकत असताना बिनअँपची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राशिवायची, गिटार वेगळी ऐकू येणार नाही, आणि ती तशी यावी अशी अपेक्षाही नसते. मावशी, तुझ्या भजनात वीस टाळ वाजतात, त्यात तुझा कोणता हे कोण सांगेल? पण तुम्ही सगळ्या थांबलात तर भजन बसेल.

या कामातला माझा गुरू म्हणजे जॅझ गिटारवादक फ्रेडी ग्रीन. अर्थात, फक्त रेकॉर्डवरून. याच शहरात घडलेल्या, पियानोवादक काउंट बेसीच्या बँडमध्ये ते 1937 साली आले आणि 1987 साली वारले तोपर्यंत तिथेच राहिले. पन्नास वर्षं, आणि सोलो जवळजवळ नाहीच. प्रत्येक बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका खंडात, चार मात्रा, चार ठोके. मला यापेक्षा मोठी वादनसाधना माहीत नाही.

मी आलो तो सहाही तारांचे भरगच्च कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) घेऊन. महिनाभर पियानोशी टक्कर झाली. शेवटी आमच्या बासवाल्या आजोबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तीन सूर पुरे. बाकीचे आमच्याकडे आहेत."

ते तीन सूर असे. जी सेव्हन हा कॉर्ड हवा असेल तर सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरचं घर), चौथीवर तिसरा, तिसरीवर चौथा. पाचवी तार बोटाच्या टोकाने नुसती शिवून मुकी करायची, पहिल्या दोन वाजवायच्याच नाहीत. आता सी सेव्हन हवाय? सहावीवरचं बोट तिथेच ठेवा, बाकी दोन बोटं एकेक फ्रेट खाली, म्हणजे खुंट्यांच्या दिशेने, आणा. झालं! मूळ सूर 'सी' माझ्या हातात नाहीच, तो बास देतो. हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी तासभर तेवढंच वाजवत बसलो होतो.

पण बोटं बसणं हा सोपा भाग. खरी मेहनत ठोक्याची. सगळे ठोके वरून खाली. कॉर्ड वाजला की डाव्या हाताची पकड लगेच सैल करायची, म्हणजे सूर लांबत नाही. किती लवकर सैल करायची, यावर सगळी झुलती लय अवलंबून. लवकर सोडलंत तर नुसती खटखट, उशिरा सोडलंत तर चिखल. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमरची हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) मिटते, तिथे किंचित वजन द्यायचं. मेट्रोनोम, म्हणजे लय मोजून टिकटिकणारं यंत्र, मी फक्त त्या दोन मात्रांवर लावतो, पहिली आणि तिसरी आपली आपण सांभाळायची. द्रुत लयीत हात दुखतो एवढंच. विलंबित लयीत मात्र सगळं उघडं पडतं. दोन ठोक्यांमध्ये एवढी जागा असते की मन पुढे पळतं, आणि हातही.

गेल्या महिन्यात तालमीत पान उलटायला मी दोन बार थांबलो. सॅक्सोफोनवाल्यांना पत्ताही लागला नाही. ड्रमरने मात्र झटकन मान वळवून पाहिलं.

तेव्हा मावशी, पुढचा व्हिडिओ फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून ऐक. ट्रम्पेट जरा गप्प होतील तिथे बासकडे लक्ष दे. त्याच्या घुमण्याच्या सुरुवातीला लाकडावर टिचकी मारल्यासारखी एक बारीक धार लागेल, दर मात्रेला. ती मी.