आमची वाटचाल : आईचं नाव घातलेला डबा

नाना पेठेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि मिस्त्री बसलो तेव्हा भांडवल म्हणजे सोल्डरिंग आयर्न, बेअरिंग काढायचा पुलर आणि मिस्त्रींचा सिरीज बल्ब. फळीवर 100 वॅटचा दिवा, शेजारी प्लगपॉइंट, वीज दिव्यातूनच वस्तूत जाईल असा जोडलेला. आलेला पंखा, मिक्सर आधी त्यावर. दिवा भक्क पेटला की आत शॉर्ट. पुढे मीटर घेतले, पण पहिला कौल अजून दिव्याचाच. घरोघरचं नको असलेलं सामान टेम्पोभाडं घेऊन उचलायचं, दुरुस्त करायचं, निम्मं विकायचं, निम्मं गरजू घरांत द्यायचं. 2.5 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर (पंख्याला गती देणारा छोटा भाग) बदलला की धावणारे पंखे लोक भंगारात घालतात, तेव्हा जीव तुटतो.

मग एकाने ‘मोफत उचलतो, गरिबांना देतो’ अशी पत्रकं वाटली. टेम्पोसुद्धा आमच्यासारखाच. एका रविवारी आमच्या गिऱ्हाइकाला जुन्या बाजारात आईचं नाव घातलेला पितळी डबा विकायला ठेवलेला दिसला. घरच्यांनी तो दिला होता त्या दुसऱ्याला, फोन आला मला. “आईचं नाव विकलंत तुम्ही!” सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या शेडचा फोटो फिरला. दोन महिने टेम्पो जागचा हलला नाही. पोरांचे पगार बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून दिले. हे मी विसरलेलो नाही.

त्या दिवसांत फोन यायचा तो फक्त सदाशिव पेठेतल्या काकूंचा. दसऱ्याच्या आवराआवरीत त्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधतात. ‘मिक्सर. चटणीचं भांडं गळतं, बाकी उत्तम.’ ‘कुकर. गॅस्केट नवी, शिट्टी आत.’ तुम्हीही असंच द्या. वायर कापून मिक्सर देऊ नका, झाकणाशिवाय कुकर देऊ नका, आणि फाटकी साडी दान म्हणून देण्यापेक्षा गोधडीत घाला. 2019 च्या पुरानंतर आम्ही सांगलीला भांडी घेऊन गेलो. तिथे जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते आणि बायका विचारत होत्या, “दादा, पातेलं आहे का?”

पावतीची कल्पनाही काकूंचीच. कार्बन घालून दोन प्रती : वस्तू, देणाऱ्याचं नाव, पोचली कुठे, घेणाऱ्याची सही. सध्या अकरावं पुस्तक चालू आहे.

तो डबा मी बाजारातून विकत घेतला आणि त्या गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो ठेवून घेतला. ग्रुपवर मात्र त्याबद्दल एक ओळ लिहिली नाही.