शिंगाळ्याची कवटी

बेलापूर, नोव्हेंबर

कवट्यांची चित्रं काढणारे बरेच जण खरी कवटी हातात न घेताच काढतात, आणि ते लगेच कळतं. दोन काळी भोकं, दातांची रांग, झालं. वेरूळच्या २१व्या लेण्यातला निव्वळ सापळा उरलेली काळाची, म्हणजे मृत्यूदेवाची, मूर्ती बघावी, किंवा पोटावर विंचू कोरलेली एखादी चामुंडा. बरगडी कुठे वळते, कातडी कुठे आत ओढली जाते हे घडवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. बघताना अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

खरी कवटी हाती हवी तर सुरुवातीला शिंगाळा हा समुद्रातला मासा घ्यावा. सुरमईचं डोकं कुजवलं की सुट्या हाडांचा ढीग हाती येतो. शिंगाळ्याच्या कवटीची हाडं एकमेकांत घट्ट बसलेली असतात. दिवाळे कोळीवाड्यात मावशींना आधीच सांगायचं, "डोकं फोडू नका, पाठीवरच्या काट्यापर्यंत अखंड द्या." सवयीने कोयता बसला की संपलं. पाठीवरचा एक आणि बाजूच्या परांचे दोन काटे दातेरी आणि विषारी असतात, ते तिथेच तोडून घ्यावेत. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं.

डोकं उकळू नये. उकळल्याने चरबी हाडात मुरते, मग पुढे पिवळे डाग सुटता सुटत नाहीत. कल्ले, डोळे आणि सुटतील तेवढं मांस काढून डोकं बादलीत पूर्ण बुडेल इतक्या साध्या पाण्यात ठेवायचं. झाकण सैल, वर माश्यांसाठी जाळी. आपल्या हवेत एक-दोन आठवड्यांत मांस आपोआप सुटतं. पाणी बदलताना निम्मंच बदलायचं, कारण काम करणारे जिवाणू त्याच पाण्यात असतात. ओतताना खाली चाळणी हवीच, नाहीतर बारीक हाडं मोरीत जातात. वास भयंकर येतो. फ्लॅटच्या बाल्कनीत हे करू नये, शेजाऱ्यांचाही विचार करावा.

मग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात काही दिवस, पाणी गढूळ होईनासं होईपर्यंत. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं असतं. त्यात तेवढंच पाणी घालून कवटी दिवसभर ठेवावी. हातमोजे घालावेत आणि डबा घट्ट बंद करू नये, वायू साचून तो फुटतो. कपड्यांचं ब्लीच मात्र अजिबात नको. त्याने हाड खडूसारखं भुसभुशीत होतं आणि धुतल्यावरही झडत राहतं. वाळवायचं सावलीत, कडक उन्हात तडे जातात. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून हे काम आत्ताच.

वाळलेली कवटी हलवली की आत खडखडतं. ते कानाचे खडे. मेंदू काढताना तार फार खुपसली तर तेच निसटतात. उलटी धरली की खालच्या हाडांत हात पसरलेली आकृती दिसते. ख्रिस्ती लोक तिला क्रूसावरचा येशू मानत आले आहेत. आणि हा भेसूर जबडा म्हणजे पाळणाघर! नर शिंगाळा गोटीएवढी अंडी तोंडात धरून ठेवतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत जवळजवळ उपाशी राहतो.

बाजारातल्या मासळीचं डोकं घेण्याचं आणखी एक कारण आहे. येऊरच्या जंगलात किंवा ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात सापडलेलं हाड, शिंग उचलून आणणं १९७२च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. तिथे जागेवरच रेखाटावं, फोटो घ्यावा.

चित्राला एकच दिवा, वरून डावीकडून. डोळ्यांच्या खाचा एकदम ६बीच्या गडद पेन्सिलीने काळ्या करू नयेत. आतल्या भिंतीवर परतलेला उजेड असतो, तो २बीने हलका ठेवला तरच खोली दिसते. सर्वांत गडद रेघ कडेच्या खाली, जिथे एक हाड दुसऱ्यावर चढतं तिथे.