आग न्हाय, मग धूर कुठला?

आमच्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेर गर्भलिंग तपासणी होत नाही, अशी कन्नड पाटी आहे. त्यामुळे पन्नाशीची बाई सांधे दाखवायला आली, की दारातच थबकते. त्या मावशीही थबकल्या. "ह्ये पोटाचं मशीन न्हवं? माजी तर बोटं दुकत्यात," असं त्यांनी सुनेला विचारलं.

मावशी निपाणीच्या. सगळा जन्म विड्या वळण्यात गेलेला. दिवसाला हजार वळणारा हात आता चारशेवर आला होता. पहाटेच्या लाल बसनं बेळगावला आल्या होत्या. शक्ती योजनेमुळे बाईमाणसाला तिकीट नाही, तेवढाच आधार; पैसा सगळा औषधात जात होता. आठ वर्षांचा आमवात, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं सांध्यांत दाह होणारा आजार. आधी आठवड्याची मेथोट्रेक्सेट, मग अ‍ॅडालिमुमॅबची इंजेक्शनं, मग टोफॅसिटिनिबच्या गोळ्या. मेथोट्रेक्सेटनंतर अशी वेगवेगळ्या रीतीनं काम करणारी दोन महाग औषधंही वाया गेली आणि लक्षणं तशीच राहिली, तर तो आमवात 'उपचारांना दाद न देणारा' समजावा, अशी साधारण व्याख्या युलार या युरोपीय संघटनेनं २०२१ साली दिली. मावशी त्यात बसत होत्या.

चिठ्ठीत लिहिलं होतं: २८ पैकी २२ सांधे दाबल्यावर दुखतात, सूज दोनच सांध्यांना, सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, नॉर्मल. या २८ सांध्यांवरून आजाराचा जोर मोजणारा डीएएस २८ चा आकडा ५.१ च्या वर, म्हणजे आजार जोरात. पण या आकड्याची एक खोड आहे. किती सांधे दुखतात आणि रुग्णाला स्वतःला कसं वाटतं, हे दोन्ही त्यात धरतात. त्यामुळे सूज नसली तरी तो चढतो. तिसरं औषध लिहिण्याआधी संधिवाताच्या डॉक्टरांना एवढंच हवं होतं, की सांध्यांत खरंच दाह चालू आहे का ते बघा.

जेल लावून मनगटापासून सुरुवात केली. आतलं अस्तर थोडं जाड, जुन्या आजाराची खूण. पॉवर डॉपलर लावला. दाह असेल तिथं रक्त वाढतं आणि पडद्यावर केशरी ठिपके पेटतात. शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. इथं शून्य. बोटांच्या मुळाचे सांधे, शून्य. मधले सांधे, शून्य.

शून्य आलं की मी आधी स्वतःच्या हातावर संशय घेते. शिकत होते तेव्हा एकदा प्रोब इतका दाबून धरला होता, की पेटलेलं मनगट मी थंड ठरवलं. बारीक रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की रंग जातो. थंडीनंही जातो, आणि त्या दिवशी पौषातली थंडी होती. एसी बंद केला, मावशींचे हात टॉवेलात गुंडाळून ठेवले. "येताना दुखण्याची गोळी घेतली का?"

"न्हाय. डाक्टरांनी नको म्हटल्यालं."

पुन्हा सगळं पाहिलं. जेलचा जाड थर, हात अधांतरी, प्रोब नुसता टेकवलेला. पावलंही पाहिली, कारण त्या २८ सांध्यांत पावलांचे सांधे धरतच नाहीत आणि आजार तिथं लपून बसू शकतो. सगळीकडे शून्य.

मग मी सवयीनं बोलून गेले, "सांध्यांत काही नाही, मावशी."

त्या उठून बसल्या. "काय न्हाय? मंग मी खोटं बोलाय लागलोय व्हय?" आमच्या भागातल्या बायका स्वतःविषयी 'आलो, गेलो' असंच बोलतात, त्या 'लागलोय'मधला राग मात्र नेहमीचा नव्हता. सून जमिनीकडे बघत राहिली. घरातही कुणी तरी हेच ऐकवलं असणार.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. प्रोब नाडीवर ठेवला, केशरी पट्टा धडधडायला लागला. "हे रक्त." मग सांध्यावर सरकवला. सगळं करडं, काळं. "औषधानं इथली आग विझवलीय. दुखणं खरंच आहे, पण ते या आगीचं नाही."

"आग न्हाय, मग धूर कुठला?"

याला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. झोप कशी लागते, विचारलं. मालक गेल्यापासून रात्र रात्र डोळा लागत नाही, म्हणाल्या. खांदे, मान, मांड्या, सांधा नाही तिथंही बोट टेकवलं की कळ. फायब्रोमायाल्जिया, म्हणजे सांध्यांत दाह नसतानाही अंगभर दुखत राहणारा आजार, असावा असा माझा अंदाज. पण ते ठरवणं संधिवाताच्या डॉक्टरांचं काम.

त्यांना तिथूनच फोन केला. तिसरं औषध सध्या थांबवू, झोपेचं आणि या दुखण्याचं आधी बघतो, म्हणाले. मावशींना आठवड्यानं बोलावलं.

रिपोर्ट लिहायला बसले तरी त्या दारातच उभ्या. "त्यात लिवा की, दुखतंय म्हणून."

रिपोर्टात असलं काही लिहीत नाहीत. मी शेवटी एक ओळ घातली आणि इंग्रजीतली ती ओळ त्यांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली.