डावा हात

नववीत असताना तपासणीच्या आदल्या दिवशी आमच्या वर्गाची रंगीत तालीम झाली. प्रश्न सर विचारणार, साहेब मागे खुर्चीत बसून बघणार. हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा.

दुसऱ्या दिवशी चक्रवाढ व्याजाचं गणित आलं. मला येत नव्हतं. मी डावा हात वर केला, चांगला ताठ. सगळा वर्ग हात वर करून बसला होता. फक्त तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचे दोन्ही हात बाकावर होते, बोटांना शाई लागलेली. साहेब गेल्यावर सरांनी तिला उभं केलं. "काल सांगितलेलं ऐकलं नव्हतंस?"

"ऐकलं होतं सर. पण मला उत्तर येत नव्हतं."

तिला दाराबाहेर उभं केलं गेलं. पुढचा तास इतिहासाचा. बाई दाराशी थांबल्या, तिच्याशी दोन शब्द बोलल्या, तिला आत घेऊन आल्या. मग पुस्तक मिटून त्यांनी चवदार तळ्याचा विषय काढला. आपल्या शाळेपासून महाड एसटीने तासाभरावर. तळं आम्ही पाहिलेलं होतं, पण ते असं कुणी सांगितलं नव्हतं.

१९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं. कागद अस्पृश्यांच्या बाजूचा होता; अडवत होती ती रूढी. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. भरदिवसा, सगळ्या गावासमोर. त्यानंतर लोकांना मारहाण झाली.

खरी गोष्ट तर याच्या पुढे आहे, असं म्हणून बाईंनी फळ्यावर 'डिसेंबर १९२७' लिहिलं. पुन्हा सत्याग्रह ठरला. तेवढ्यात तळं खासगी असल्याच्या दाव्यावर कोर्टाचा मनाईहुकूम आला. तरीही हजारो माणसं महाडात जमली, तुरुंगात जायला तयार होती. ज्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं, त्याच परिषदेत बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं. खटला लढले. १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल लागला, तो आपल्या लोकांच्या बाजूने.

"मग ते घाबरले का?" एकाने विचारलं. बाई म्हणाल्या, "कुणाचा हुकूम मोडायचा नि कुणाचा पाळून लढायचं, हे त्यांनी ठरवलं. तुम्ही मघाशी काय ठरवलंत?" वर्गात कुणी बोललं नाही. मी माझ्या डाव्या हाताकडे बघत होतो.

पुढे मी सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता झालो. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका रस्त्याच्या सोलिंगची, म्हणजे खालच्या दगडी थराची, नोंद एमबीत (मोजमापाच्या वहीत) घ्यायची होती. अंदाजपत्रकात जाडी पंधरा सेंटिमीटर. मी तीन ठिकाणी खड्डे घेतले, टेप लावली; नऊ, आठ, पुन्हा नऊ. वरिष्ठ म्हणाले, "पंधरा लिही, सगळे लिहितात." हा 'सगळे' शब्द कानावर पडला आणि वर्गातले ते वर झालेले हात डोळ्यांपुढे आले. मी म्हटलं, "साहेब, मोजलं तेवढंच लिहीन. पंधरा लिहायचं असेल तर तसं लेखी द्या." लेखी कुणी दिलं नाही. एमबीत नऊ, आठ, नऊ असंच लिहिलं आणि खाली सही केली. हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू!

दोन महिन्यांत बदलीचा आदेश आला, घरापासून लांब, मुलगी तेव्हा दहा महिन्यांची. मित्र म्हणाले, वैद्यकीय रजा टाक, कुणाला तरी भेट. बायकोशी बोललो. बदली करायचा त्यांना अधिकार होता आणि आदेशावर त्यांची सही होती. सोमवारी सकाळच्या गाडीने गेलो आणि नव्या कार्यालयात हजर झालो.